रानडुकराचा वाटा आणि घरातले रक्त

धान लोंबीवर आला की जंगलाला लागून असलेल्या गावांत रात्रीची झोप उडते. मचाणावर कोणीतरी डबा वाजवत बसलेले असते, बांध्यांमध्ये बॅटरीचे उजेड फिरत असतात. सकाळी पाहावे तर अर्धी बांधी रानडुकरांनी लोळवलेली. आणि मग एखाद्या पहाटे वस्तीत कुजबुज होते आणि पळसाच्या पानात बांधलेला मटणाचा वाटा दारात येतो. कुठून आला हे कोणी विचारत नाही, आणणाराही सांगत नाही. बोकडाच्या मटणापेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि पैसे मजुरी मिळाल्यावर दिले तरी चालतात.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, नागपूर या जिल्ह्यांतल्या आपल्या वाचकांना हे नवे नाही. ताडोबा, नवेगाव-नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, पेंच यांच्या भोवतीच्या गावांत आपली कितीतरी घरे आहेत. बहुतेक भूमिहीन, नाहीतर एक-दोन एकरवाली. एकट्या ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र गाभा आणि बफर मिळून १७०० चौरस किलोमीटरच्या वर जाते. बफर म्हणजे माणसांची गावे, शेते आणि वाघाचा रस्ता हे सगळे एकाच ठिकाणी.

अशाच एका गावात शिबिरात रक्त तपासत होते. एका मावशींचे हिमोग्लोबिन आठच्या खाली निघाले. नेहमीप्रमाणे विचारले, "मावशी, मटण, मासे, अंडी खाण्यात येतात का?" त्या हसल्या. "विकतचं कुठून आनाचं सिस्टर? रानातलं भेटलं तं भेटलं."

या उत्तरावर आरोग्य कर्मचाऱ्याने काय बोलावे? "ते खाऊ नका, गुन्हा आहे," एवढे बोलून पुढचा पेशंट बोलावणे सोपे आहे. मीही तेच केले असते. पण त्या मावशींच्या ताटातली लोहाची एकमेव चांगली गोष्ट मी काढून घेणार आणि त्या जागी काय ठेवणार, हा प्रश्न राहतोच.

हा प्रश्न जगात इतर ठिकाणीही मोजला गेला आहे. मादागास्कर बेटाच्या ईशान्येला मकिरा नावाचे संरक्षित जंगल आहे. तिथली खेड्यातली माणसे लेमूर आणि इतर रानटी प्राण्यांचे मांस खातात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या मुलांचे रक्त आणि घरातले खाणे दोन्ही तपासले. त्यातून असा अंदाज निघाला की रानातले मांस बंद झाले आणि त्याच्या बदली दुसरे काही मिळाले नाही, तर रक्तक्षय असलेल्या मुलांची संख्या २९ टक्क्यांनी वाढेल, आणि सर्वांत गरीब घरांत ती तिप्पट होईल. जंगल वाचवायला निघालेल्या लोकांनीच हा हिशेब मांडला, हे मला महत्त्वाचे वाटते. बंदीचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो कोंबडी विकत घेतो, ज्याच्याकडे नाहीत त्याच्या लेकराचे रक्त कमी होते.

आपल्याकडे रक्त आधीच कमी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांना. मांसातले लोह अंगाला पटकन लागते, डाळी आणि भाजीतले कमी लागते. म्हणून महिन्यातून एक-दोनदा येणारा वाटा क्षुल्लक नाही. पण त्या वाट्याची किंमत काय पडते तेही नीट पाहिले पाहिजे, कारण ती बहुतेक वेळा आपल्याच वस्तीला भरावी लागते.

पहिली किंमत तारेची. रानडुक्कर मारायला आता बंदूक क्वचितच लागते. शेताच्या कडेने जमिनीपासून हातभर उंचीवर उघडी तार ओढायची आणि पंपाच्या लाइनवर, नाहीतर सरळ वरून जाणाऱ्या ११ हजार व्होल्टच्या लाइनवर आकडा टाकायचा. तारेला डुक्कर आणि माणूस यातला फरक कळत नाही. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीची असते, म्हणून पाणी द्यायला माणूस रात्री निघतो. पहाटे मोहफूल वेचायला बाया निघतात, शेळ्यांमागे पोरे धावतात. विदर्भात अशा तारेने शेजारी गेले आहेत, आणि तार लावणारा स्वतःही गेला आहे. वाघ लागला तर साऱ्या गावाची झडती होते. वाघाने माणूस मारला तर शासनाची भरपाई तरी असते. आपणच लावलेल्या तारेने माणूस गेला तर घरच्यांच्या हाती भरपाईऐवजी मनुष्यवधाचा खटला येतो.

कोणाला तार चिकटलेली दिसली तर आधी हात लावू नका. घरगुती किंवा पंपाची लाइन असेल तर मेन किंवा डीपी बंद करा. आकडा ११ हजाराच्या लाइनवरचा असेल तर लाकडी काठीचाही भरवसा धरू नका, महावितरणने लाइन बंद करेपर्यंत दहा-बारा मीटर लांब थांबा. वीज बंद झाल्यावर श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, भरभर दाब देत राहा आणि १०८ ला फोन लावा. शॉक बसून माणूस उठून बसला, बोलला, तरी त्याला दवाखान्यात न्याच. हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

दुसरा प्रकार बारुदाच्या गोळ्यांचा. कणकेत किंवा चरबीत गुंडाळून ठेवलेला गोळा डुकराने चावला की जबडा फुटतो. तोच गोळा गाईने चावला किंवा मुलाने खेळणे समजून उचलला तर काय होते, ते सांगायला नको. शेतात असा गोळा दिसला तर उचलू नका, पोलीस पाटलांना कळवा.

आता मांसाबद्दल. रानडुकराच्या मांसात ट्रिचिनेला नावाच्या जंताची पिल्ले असू शकतात. ती इतकी बारीक असतात की डोळ्यांना दिसत नाहीत. मांस अर्धवट भाजून खाल्ले तर एक-दोन दिवसांत पोटदुखी, जुलाब, मळमळ सुरू होते. मग दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, डोळ्यांभोवती सूज येते, अंगातले स्नायू ठणकतात. तोवर मटणाची आठवणही राहिलेली नसते, म्हणून दवाखान्यात कोणी सांगत नाही आणि डॉक्टर दुसऱ्याच तापाची औषधे देत बसतात. वाळवून, मीठ लावून किंवा धुरावर धरून हा जंत मरेलच असे नाही. रानातल्या मांसात तो फ्रीजमध्येही तग धरू शकतो. आतपर्यंत शिजल्यावरच तो मरतो. वस्तीतल्या पाळीव डुकराचे मटण खाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. मोठे तुकडे नकोत, आत गुलाबी राहू नये, निखाऱ्यावरचा तुकडा लेकराच्या हातात देऊ नये. पाळीव डुकराच्या कच्च्या मांसातून पट्टकृमीही येतो. ज्याच्या पोटात पट्टकृमी आहे त्याच्या विष्ठेतली अंडी हातावरून, पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात गेली तर मेंदूपर्यंत गाठी होतात आणि झटके येतात. गावात अशा झटक्यांना अजूनही अंगात आले म्हणतात. ती बाधा नाही, जंताचा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत.

कापणाऱ्याला धोका खाणाऱ्यापेक्षा जास्त. हाताला चीर असेल तर रक्त आणि मूत्र यांतून लेप्टोस्पायरा, ब्रुसेला यांसारखे जंतू शिरतात. त्यांचा ताप दिवसेंदिवस उतरत नाही. भरमार बंदुकीचे छर्रे लागलेल्या मांसात शिशाचे बारीक कण पसरलेले असतात. ते शिजवून जात नाहीत आणि लहान मुलांच्या मेंदूला इजा करतात. आणि डुकराने कोणाला चावले असेल तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लसीचे विचारा. हळद भरून पट्टी बांधू नका.

रानात मरून पडलेले जनावर मिळाले तर तो फुकटचा वाटा समजू नका. ते विषाने मेलेले असू शकते, आणि कीटकनाशक शिजवून निघून जात नाही. काळपुळीनेही मेलेले असू शकते, तिचे बीजाणू उकळीतही टिकतात. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे सांगितले तेव्हा मुद्दा स्वाभिमानाचा होता. आरोग्याच्या बाजूनेही त्यात काही कमी पडत नाही.

घोरपडीबद्दल थोडक्यात. तिच्या तेलाने सांधे सुधारतात, मांसाने ताकद येते, हे बाजारातल्या विकणाऱ्यांचे बोलणे आहे. त्याला वैद्यकीय आधार नाही. घोरपड आणि खवले मांजर दोन्ही कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि तिथली शिक्षा तीन वर्षांच्या खाली येत नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तोही पाहू. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा आहे. त्यात मोठी दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिकार अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात झाली असेल तर तीन ते सात वर्षे. पण आपल्या घरांसाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे, आणि ते तुमच्या घरात सापडले की ते बेकायदा नाही हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. म्हणजे तार लावणारा, मोठा वाटा शहराच्या ढाब्यावर पोहोचवणारा निसटतो, आणि ज्या घरात चुलीवर पातेले आहे ते घर पकडले जाते. पिकाची नासाडी होते म्हणून वनविभागाकडून रीतसर परवानगी घेऊन डुक्कर मारले, तरी ते जनावर शासनाचे असते, वाटून खायचे नसते.

वनहक्क कायदा, २००६ आल्यावर काहींचा समज झाला की आता जंगलातले सगळे आपले. तसे नाही. त्या कायद्याने मोह, तेंदू, बांबू, चराई यांचे हक्क मान्य केले, पण शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. एक हक्क मात्र आपल्याकडे फारसा बोलला जात नाही, तो म्हणजे मासे आणि पाणवठ्यातले इतर उत्पन्न. झाडीपट्टीत गावोगाव मामा तलाव आहेत, जुन्या मालगुजारांच्या काळातले. त्यातली बोटी, मरळ, छोटी मासळी हे लोहाचे आणि प्रथिनांचे कायदेशीर रान आहे. बारीक मासे काट्यासकट खाल्ले तर कॅल्शियमही मिळते. अडचण अशी की पुष्कळ तलाव मच्छीमार सोसायट्यांकडे आहेत, आणि ढिवर बांधवांची पोटे त्यावर आहेत, तेव्हा वाद न करता ग्रामसभेत बोलून ठरवावे लागेल. दुसरी अडचण कागदाची. आपला समाज अनुसूचित जमातीत नाही, म्हणून इतर पारंपरिक वननिवासी या नात्याने दावा करताना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या भागात राहून जंगलावर अवलंबून असल्याचा पुरावा लागतो. निस्तारपत्रक, जुन्या नोंदी चालतात, आणि गावातल्या वृद्धांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून मान्य आहेत. म्हातारी माणसे आहेत तोवर जबाब लिहून घ्या.

आता चुलीकडे वळू, कारण तलावाचा निकाल लागायला वेळ लागेल आणि लेकराला रक्त आजच हवे.

सगळ्यांत जवळचे उत्तर दारातली कोंबडी आहे. प्रत्येक वस्तीत कोंबड्या आहेत, पण दरवर्षी उन्हाळ्याच्या आगेमागे मानमोडी येते आणि खुराडे रिकामे होते. कोंबडी मान वाकडी करते, हिरवट-पांढरे हगते, तोंड उघडून श्वास घेते आणि दोन दिवसांत शेजारची सगळी घरे साफ. हाच राणीखेत रोग. गंमत अशी की वर सांगितलेल्या मादागास्करमध्येही हाच रोग कोंबड्या मारतो, आणि रानातल्या मांसाचा अभ्यास करणारे तिथले लोक शेवटी कोंबड्यांच्या लसीकडेच वळले.

लस स्वस्त आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लसीचे इंजेक्शन. आजारी पडलेल्या कोंबडीला देऊन उपयोग नाही, निरोगी असतानाच द्यायची. मग सगळे का देत नाहीत? कारण एका बाटलीत शंभर किंवा जास्त डोस असतात, बाटली बर्फात आणावी लागते, आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. सात कोंबड्यांच्या घराला ते परवडत नाही. सगळ्या वस्तीने एकच दिवस ठरवला तर परवडते. बचत गटाने पशुवैद्यकीय दवाखान्यात बोलून ठेवायचे, लस देण्याआधी सांजेला कोंबड्या खुराड्यात डांबायच्या आणि पहाटे घरोघर थेंब टाकत जायचे. जनावरांच्या दवाखान्याच्या मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे.

जगलेल्या दहा कोंबड्यांतून आठवड्याला अंडी आणि महिन्याला एखादी कोंबडी घरात शिजली, तर पळसाच्या पानातल्या वाट्याची वाट पाहावी लागत नाही. अंडी सगळी विकू नका, ही माझी आयांना खास विनंती. निदान लहान लेकरू आणि पाळी सुरू झालेली मुलगी यांच्या वाट्याची बाजूला ठेवा.

विकत घ्यायचेच असेल तर स्वस्तात जास्त लोह कशात आहे ते पाहा. १०० ग्रॅम कोंबडीच्या कलेजीत सुमारे ९ मिलिग्रॅम लोह असते, आणि बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लागते. कलेजी मांसापेक्षा स्वस्त मिळते. बोकडाची रक्ती आणि वजडी आपल्या आजीच्या स्वयंपाकात होतीच, ती गरिबीची खूण समजून सोडू नका, फक्त खात्रीच्या दुकानातून आणून पूर्ण शिजवा. गरोदर बाईने मात्र कलेजी टाळावी, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असते. सुकट, जवळा वरणात किंवा चटणीत घाला. भाजीवर लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा घेऊ नका, चहाने लोह अंगाला लागत नाही.

आणि गोळ्या. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी १८० दिवस, बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस, उपकेंद्रात फुकट. शौचाला काळे होते, त्याने घाबरून पुष्कळ बाया गोळ्या पेटीत ठेवून देतात. काळे होणे स्वाभाविक आहे. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या, पण दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत नको. शाळेतली जंताची गोळीही मुलांना चुकवू देऊ नका. पोटात जंत असतील तर वरून कितीही खाल्ले तरी रक्त भरत नाही.

इथे एक सावधगिरी. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेल पुष्कळ घरांत आहे. रक्त कमी असेल, सांधे वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे दिसत असतील, तर आधी सिकलसेलची तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात होते. सिकलसेलच्या पेशंटने लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत, डॉक्टर सांगतील तसे करावे. सोयरीक जुळवताना दोन्हीकडची तपासणी झाली असेल तर फार चांगले.

राहिला शेतकऱ्याचा प्रश्न, कारण तार लावणाराही शिकारी म्हणून जन्माला आलेला नसतो. रात्रभर जागून पीक गेले की माणूस चिडतो. रानडुकराने पीक खाल्ले तर वनविभाग भरपाई देतो, पण शक्यतो दुसऱ्याच दिवशी वनरक्षकाला कळवा, फोटो काढून ठेवा, पंचनामा होईपर्यंत शेत तसेच ठेवा. वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे. भरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळते. बटईने किंवा ठेक्याने शेती करणाऱ्या आपल्या माणसाचे पीक गेले तर पैसा मालकाच्या खात्यात जातो, हा उघड अन्याय आहे. तोवर बटईचा करार तोंडी न ठेवता कागदावर करा आणि भरपाईचे काय करायचे ते त्यात लिहा. जंगलालगतच्या गावांना जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदान मिळते. सौर कुंपण क्षणभराचा झटका देते, जनावर पळते, कोणी मरत नाही. मेनच्या लाइनची तार आणि सौर कुंपण या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

पैशाची ओढ शेवटी जंगलातच नेते. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायांना एकाच दिवशी वाघिणीने मारले. तेंदूच्या त्या पंधरा-वीस दिवसांच्या पैशांतून वर्षाची उधारी फिटते, म्हणून बाया जातात. जायचेच असेल तर उजाडल्यावर, घोळक्याने, बोलत-आवाज करत जा. वाकून पाने तोडणारी बाई वाघाला जनावरासारखी दिसते, म्हणून चौघी तोडत असताना एकीने उभे राहून पाहत राहावे.

त्या मावशींना मी गोळ्या दिल्या आणि सिकलसेलची तपासणी लिहून दिली. उठताना त्यांनी विचारले, "कोंबड्याईची ते दवाई कोनत्या दिवशी आनता?" मी तारीख विचारून कळवते म्हणाले. पुढच्या महिन्यात वस्तीतल्या बावीस घरांनी एकच सकाळ ठरवली होती.